रास्पबेरी पायवर रिमोट चालेना? ड्रायव्हरला शिव्या घालण्याआधी हे बघा

रास्पबेरी पायला (हा छोटासा कॉम्प्युटर) रिमोटचे अदृश्य इन्फ्रारेड सिग्नल पकडणारा आयआर रिसीव्हर जोडला, सिनेमे-गाणी लावायचं कोडी चालू केलं, रिमोट दाबून दाबून अंगठा दुखला आणि स्क्रीन ढिम्म. मग आपण म्हणतो ड्रायव्हरच सपोर्ट करत नाही. मी पण दोन रविवार हेच म्हणत होतो. ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) असतो हो, आपण त्याला भलत्याच नावाने हाक मारत असतो. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाईप अर्थातच इंग्रजीत करा.)

सगळ्यात आधी रिमोट. फोनचा कॅमेरा लावा, बटण दाबा, पुढचा एलईडी जांभळट चमकला तर रिमोट जिवंत आहे. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला आयआर फिल्टर असतो, त्यात काहीच दिसत नाही, तेव्हा सेल्फी कॅमेऱ्याने पण बघा.

आता रिसीव्हर. टीएसओपी३८२३८ मॉडेल असेल तर त्याच्या तीन पिन क्रमाने आहेत आउट, ग्राउंड, व्होल्टेज, आणि तो ३.३ व्होल्टवर मजेत चालतो. पण दुकानात "सगळे सारखेच असतात" म्हणत टीएसओपी१७३८ हातात देतात (मला दिला होता), त्याच्या पिनांचा क्रम वेगळा, ग्राउंड पहिला आणि आउट शेवटचा, वर त्याला ५ व्होल्ट लागतात. ५ व्होल्ट दिले की आउटपुट पण तेवढ्यालाच जातं आणि रास्पबेरी पायच्या जीपीआयओला (सिग्नल घेण्या-देण्याच्या पिनांना) ३.३ च्या वर झेपत नाही, पिन जळू शकते. थोडक्यात, तो परत करून या.

दुसरी गंमत, आउटची वायर सहसा जीपीआयओ १८ ला जोडतात, पण जीपीआयओ १८ म्हणजे हेडरवरची (बोर्डावरच्या पिनांच्या रांगेतली) १८ नंबरची पिन नाही, ती १२ नंबरची पिन. १८ व्या पिनवर जीपीआयओ २४ असतो. आणि वर ऑडिओचं हॅट (पिनांवर बसणारं जोड-बोर्ड) बसवलं असेल तर ते बहुतेक आयटूएससाठी (आवाजाच्या डिजिटल सिग्नलसाठी) जीपीआयओ १८ वापरतंच, मग रिसीव्हर १७ वर घ्या, म्हणजे ११ वी पिन.

आता ड्रायव्हर. नेटवर अजून जुने व्हिडिओ फिरतात ज्यात लर्क-आरपीआय ओव्हरले (कुठल्या पिनवर काय जोडलंय ते कर्नलला सांगणारी सेटिंग) टाका, मग हार्डवेअर डॉट कॉन्फ बदला वगैरे सांगतात. ते सोडून द्या. कर्नल ४.१९ पासून तो गेला, आता ओव्हरलेचं नाव जीपीआयओ-आयआर. कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये एकच ओळ: डीटीओव्हरले=जीपीआयओ-आयआर,जीपीआयओ_पिन=१७ (रिसीव्हर १८ वर असेल तर १८). रास्पबेरी पाय ओएसच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून ही फाईल बूटच्या आत फर्मवेअर फोल्डरमध्ये गेलीय. जुन्या जागची फाईल उघडलीत तर ती स्वतःच सांगते की मला हात लावू नका, तिकडे जा, पण वाचतं कोण. रीबूट करा, एलएसमॉड (लोड झालेल्या ड्रायव्हरची यादी दाखवणारी कमांड) मारा, यादीत जीपीआयओ_आयआर_रिसीव्ह (शेवटचा शब्द आरईसीव्ही असा) दिसला म्हणजे ड्रायव्हर लोड झाला.

आणि खरा घोळ इथून पुढे आहे, माझे दोन्ही रविवार इथेच गेले. आयआर-कीटेबल इन्स्टॉल करून ती कमांड नुसतीच चालवा. रास्पबेरी पाय ४ वर तुम्हाला एक नाही, तीन रिसीव्हर दिसतील, कारण एचडीएमआयचे दोन्ही पोर्ट सीईसीसाठी (टीव्हीचा रिमोट केबलमधून चालावा म्हणून) स्वतःची नोंद करतात. ते बसतात आरसी० आणि आरसी१ वर, आपला बिचारा आरसी२ वर, आणि हा नंबर पुढच्या बूटला बदलू पण शकतो. नंबर न सांगता टेस्ट केली की कमांड आरसी० कडे कान लावून बसते आणि आपण आरसी२ समोर बटणं दाबतोय! तेव्हा यादीत ड्रायव्हरचं नाव बघून नंबर घ्या आणि असं चालवा: सुडो आयआर-कीटेबल -एस आरसी२ -पी ऑल -टी.

ते -पी ऑल महत्त्वाचं. ओव्हरलेचा मूळचा कीमॅप (कुठल्या बटणाला कुठली की, याची यादी) मायक्रोसॉफ्ट मीडिया सेंटरच्या आरसी-६ रिमोटचा आहे, तुमचा रिमोट एनईसी या दुसऱ्या प्रोटोकॉलचा (सिग्नल पाठवायच्या पद्धतीचा) असला तर डीकोडर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. ऑल केलं की स्कॅनकोड (प्रत्येक बटणाचा नंबर) धडाधड यायला लागतात, सोबत प्रोटोकॉलचं नाव पण. तरीही काही नाही आलं तर आयआर-सीटीएल -आर ने कच्चे पल्स बघा (इथे डिव्हाइस लर्क० वगैरे, बरोबर नंबरचं द्या). सुरुवातीला साधारण ९००० आणि ४५०० मायक्रोसेकंद दिसले तर ते एनईसी. एकही पल्स नसेल तर सॉफ्टवेअर सोडा, वायर तपासा. बटण न दाबता पल्स येत असतील तर ऊन किंवा ट्यूबलाईट.

स्कॅनकोड मिळाले की टॉमल फाईल बनवून ईटीसीमधल्या आरसी_कीमॅप्समध्ये ठेवा, कोऱ्या कागदावरून लिहू नका, आधीच्या तयार फाईलची कॉपी मारा. मग आरसी_मॅप्स डॉट सीएफजीमध्ये ड्रायव्हरचं नाव, एक चांदणी आणि फाईलचं नाव अशी ओळ घाला, नाहीतर रीबूटला सगळं पुसलं जाईल. मधल्या बटणाला की_ओके देऊ नका, की_एंटर द्या, ओकेचा कोड ३५२ आहे आणि एक्स-११ ला (लिनक्सच्या जुन्या डेस्कटॉप सिस्टीमला) २५५ च्या पुढचे कोड दिसतच नाहीत. एक बटण दोनदा दाबल्यासारखं होत असेल तर मागे लर्कडी (रिमोट वाचणारा जुना प्रोग्रॅम) पण चालू असेल, ते बंद करा.

एसीच्या रिमोटवर मात्र हे काही करत बसू नका. तो प्रत्येक वेळी तापमान, मोड, पंखा सगळं एकत्र पाठवतो, कर्नलचे डीकोडर ते ओळखत नाहीत, तिथे कच्चे पल्स रेकॉर्ड करून ठेवणं एवढंच हातात आहे.