रुग्ण पोहोचतो, माहिती वाटेत राहते: रेफर करताना या चुका टाळा

पावसाळ्यातली रात्र. गगनबावड्याच्या बाजूनं एक गरोदर बाई आमच्या वॉर्डात आली. झटके येऊन गेलेले, रक्तदाब चढलेला. चिठ्ठीवर एवढंच होतं: 'एक्लॅम्प्सिया. मॅगसल्फ दिले. पुढील उपचारासाठी रेफर.' किती दिलं, किती वाजता, काही नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "दोन सुया मारल्या, सिस्टर. कसल्या ते काय ठाव न्हाई."

रेफर चिठ्ठीत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. औषधाचं नाव असतं, डोस आणि वेळ नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून निघताना मॅग्नेशियम सल्फेटचा (झटके थांबवणारं औषध, चिठ्ठीतलं मॅगसल्फ) पहिला डोस साधारण दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅम देतात. हे कळलं नाही तर मोठ्या दवाखान्यात एक तर सगळा डोस पुन्हा जातो, नाही तर भीतीनं कुणीच काही देत नाही आणि बाईला परत झटका येतो. डोस जास्त झाला तर आधी नी जर्क (गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडणं) जातो, मग श्वास मंदावतो.

अशी चिठ्ठी हातात पडली तर आधी फोन लावा, आणि तो तिथल्या सिस्टरला लावा. सुई तिच्या हातानं गेलेली असते. तोवर तीन गोष्टी बघा: नी जर्क आहे का, श्वास मिनिटाला निदान १६ आहेत का, लघवी तासाला निदान ३० मिली होते का. यातलं एक जरी नसेल तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना बोलवा. मॅगसल्फवरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये भरून ठेवा. त्या रात्री फोन लागला, आणि पलीकडच्या सिस्टरनं एका दमात सांगितलं, "साडेनऊला, पाच-पाच, दोन्हीकडं." सगळं तिला तोंडपाठ होतं. चिठ्ठी लिहिताना तिला कुणी विचारलंच नव्हतं.

साप चावलेल्या माणसाचंही तेच. चावल्याची वेळ, सर्पविषरोधक लशीच्या किती वायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) गेल्या आणि पहिली कधी सुरू केली, हे तिन्ही आकडे चिठ्ठीवर हवेतच.

रस्ता न विचारता गाडी सोडणं ही आपल्या कोल्हापूरची खास चूक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की रेफर करण्याआधी दोन फोन करा. रस्ता चालू आहे का, आणि तिथं बेड आहे का. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला म्हणजे कळवलं असं नव्हे.

आता दवाखान्याच्या आतलं. रात्री फोनवरून ऑर्डर येते, "इन्सुलिन दहा युनिट." की सहा? मराठीत सहा आणि दहा फोनवर सारखेच ऐकू येतात. ऐकलेला आकडा पुन्हा म्हणून खात्री करा, "पाचानंतरचा सहा ना सर?" डॉक्टर वैतागले तर वैतागू देत. शिवाय इन्सुलिनची वायल ४० ची की १०० ची (एका मिलीत किती युनिट), हे सिरिंज उघडण्याआधी बघा. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी १०० साठी. १०० चं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट जातं.

राऊंडची गंमत तर वेगळीच. रात्रभर पेशंट बघितलेली सिस्टर आठला घरी जाते आणि साहेबांचा राऊंड दहाला सुरू होतो. मग सकाळच्या सिस्टरच्या हातात फक्त फायली उरतात. अमेरिकेच्या नौदलातून रुग्णालयांत आलेली 'एसबार' नावाची पद्धत चार वाक्यांची आहे: आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. आपल्या पोरी पहिली दोन वाक्यं धडाधड सांगतात आणि तिसरं गिळतात. 'मी कोण सांगणार' ही सवय आम्हीच त्यांना लावली. इन्चार्ज सिस्टरनं राऊंडला मुद्दाम विचारावं, "रात्रीच्या सिस्टरला काय वाटलं होतं?" पहिले आठ दिवस अवघडल्यासारखं होतं, मग डॉक्टरच विचारायला लागतात.

डिस्चार्जच्या वेळीही हाच घोळ होतो. ऊसतोडीला बीडकडून आलेल्या मजुराला इथं टीबी निघतो, औषध सुरू होतं. उपचार किमान सहा महिन्यांचा, आणि हंगाम त्याआधीच संपतो. माणूस टोळीबरोबर गावी जातो, इथल्या रजिस्टरमध्ये 'उपचार सोडला' अशी नोंद होते. दोष त्याच्या माथी. खरं तर टीबी रुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या निक्षय प्रणालीतून त्याची नोंद त्याच्या गावच्या केंद्राकडं पाठवता येते, पण त्यासाठी तो जाणार कधी हे आधी माहीत हवं. कार्ड देतानाच गावचा पत्ता, मुकादमाचा नंबर आणि तिकडच्या आशाताईंचा नंबर लिहून घ्या. तो पुढच्या वेळी गोळ्या न्यायला आला की पहिला प्रश्न खोकल्याचा नको. "कारखान्याचा पट्टा कधी पडणार?" म्हणजे हंगाम कधी संपणार, हे आधी विचारा.