मॅरेथॉनआधी पळणं कमी करताय? या चुका टाळा

टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. म्हणजे नाताळ उलटला की फुल मॅरेथॉनवाल्यांचा टेपर, म्हणजे शर्यतीआधी पळणं हळूहळू कमी करायचा काळ, सुरू होतो आणि महिनोन् महिने पहाटेच्या गजराला इमानाने उठलेली माणसं नेमकी इथे बिथरतात. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर स्ट्रेचिंग करताना एकजण विचारतो, "काल 35 किलोमीटर मारले. तुझे किती झाले?" दुसऱ्याचे 30 झालेले असतात. झालं! पुढच्या रविवारी हा गडी मरीन ड्राइव्हवर एकटाच 35 मारायला हजर.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. लाँग रनचा फायदा अंगात मुरायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, थकवा मात्र त्याच दिवशी येतो. शर्यतीच्या आठवडाभर आधी काढलेला लाँग रन थकवा तेवढा शिल्लक ठेवतो. शेवटचा मोठा रन तीन आठवडे आधी. आजारपणात, ऑफिसच्या इयरएंडमध्ये तो राहिला असेल तर राहिला. त्याची भरपाई करायला जाऊ नका.

उलटी चूकही तितकीच सर्रास होते: बूट कपाटात आणि दोन आठवडे पूर्ण आराम. मग शर्यतीच्या सकाळी पाय लाकडासारखे. कमी करायचे ते किलोमीटर. दिवस आणि वेग जवळपास तेच ठेवायचे. आठवड्याला 50 किलोमीटर पळत असाल तर आधी 40, मग 30, आणि शर्यतीच्या आठवड्यात रविवार सोडून 15 च्या आसपास. चार दिवस पळायची सवय असेल तर चारही दिवस बाहेर पडा. मधल्या एखाद्या रनमध्ये 2–3 किलोमीटर शर्यतीच्या पेसने, म्हणजे वेगाने, काढा. पाय जड वाटले तर सोप्या रननंतर 20 सेकंदांच्या चार-पाच स्ट्राइड्स (छोट्या, वेगवान धावा), मध्ये भरपूर चालून. तेवढ्याने बहुतेकांचे पाय मोकळे होतात.

पळणं कमी झालं की हाताशी वेळ उरतो, आणि माझ्या मते खरा घात तोच करतो. कुणी जिमला जाऊन अचानक स्क्वॅट्स मारतो, कुणी सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटमध्ये डाइव्ह मारतो. बिब (छातीवर लावायचा स्पर्धक क्रमांक) घ्यायला गेलेले लोक शर्यतीआधीच्या एक्स्पोत, म्हणजे प्रदर्शनात, तीन तास उभ्याने फिरतात आणि वर नवे बूट घेऊन येतात. ते बूट रविवारी घालू नका, एवढंच सांगतो.

याच दिवसांत कुठे ना कुठे दुखायला लागतं. कधी गुडघा, कधी टाच, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. जागा बदलणारं, पळताना विरघळणारं दुखणं बहुधा लक्ष दिल्यामुळे मोठं झालेलं असतं. पण हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येत असेल, सूज असेल किंवा लंगडायला होत असेल, तर डॉक्टर गाठा. पेनकिलर घेऊन पळू नका.

खाण्याचा घोळ संक्रांतीमुळे वाढतो, कारण ती बहुतेकदा याच आठवड्यात येते. तिळगूळ, गुळाची पोळी खुशाल खा. पण भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी यांत तंतू आणि तेलतूप बरंच, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत ती नको. तेव्हा साधा वरणभात, बटाटा, इडली. किलो-दीड किलो वजन वाढलं म्हणून उपास धरू नका. साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीरातला साखरेचा साठा) स्नायू सुमारे 3 ग्रॅम पाणी धरतात आणि हे वजन रविवारी उपयोगीच पडतं.

जानेवारीत मुंबईची हवाही खराब असते. घसा खवखवत असेल तर धुरकट सकाळी घरातच थांबा, आणि शेवटच्या आठवड्यात लोकलच्या गर्दीत मास्क लावा.

राहिली झोप. फुल मॅरेथॉन पहाटे अंधारातच सुटते, त्यामुळे शनिवारी रात्री नीट झोप लागणं कठीणच. तिची भिस्त आदल्या रात्रींवर ठेवा: गुरुवारी-शुक्रवारी लवकर झोपा आणि शुक्रवारी रात्रीचं जेवणाचं आमंत्रण सरळ पुढच्या आठवड्यावर ढकला.