आंग्रा बंदर पायी कसं समजून घ्यावं

पोर्तुगालच्या असोरेस द्वीपसमूहातल्या तेर्सेइरा बेटावरचं आंग्रा दु एरोइज्मु अर्ध्या दिवसात कळतं, पण सुरुवात गल्ल्यांतून करू नका. आधी मोंते ब्राझील या मृत ज्वालामुखीवर चढा. रबरी तळव्याचे बूट घाला, कारण पावसानंतर दगडी फरसबंदी फार निसरडी होते. ढग उतरले की वर काहीच दिसत नाही. तसं असेल तर चढाई दुपारवर ढकला.

मोंते ब्राझीलच्याच पिकु दास क्रुझिन्यास या शिखरावरून खाली बघा. हा डोंगर पश्चिमेचा वारा अडवतो, म्हणून इथे बंदर झालं. 'आंग्रा' म्हणजेच छोटी खाडी. पण आग्नेयेची बाजू उघडी. तिकडचा वारा सुटला की नांगर घसरायचे, जहाजं किनाऱ्यावर फुटायची आणि लाकूड सुतारांना मिळायचं. म्हणून त्याचं नाव 'सुतार वारा'! खाडीच्या तळाशी जुने नांगर अजून पडलेले आहेत.

उतरून धक्क्यावर या आणि रुआ दिरैता या रस्त्याने सरळ चौकात जा. गोव्याहून परतणारी जहाजं पश्चिमी वारे पकडायला अटलांटिकमध्ये लांब वळसा घेत, आणि पाण्यासाठी, दुरुस्तीसाठी इथे थांबत.

शेवटी साँव फ्रान्सिस्कुचा मठ बघाच. भारताच्या पहिल्या सफरीवरून परतताना वास्को द गामाचा भाऊ पाउलो 1499 मध्ये या बेटावर वारला, त्याला इथेच पुरलं. 1 जानेवारी 1980 च्या भूकंपात शहर कोसळलं, तरी जुन्याच आखणीवर पुन्हा उभं राहिलं. 1983 मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं.