बालसंरक्षणाच्या कामात या चुका टाळा: ‘पालकांचे सहकार्य चांगले’ असं लिहिण्याआधी

नव्या कार्यकर्त्यांचे गृहभेटीचे अहवाल मी तपासते. ‘पालकांचे सहकार्य चांगले’ हे वाक्य दिसलं की पुढे वाचायचं थांबते आणि लिहिणाऱ्याला बोलावते. सहकार्य म्हणजे नेमकं काय केलं त्यांनी? दार उघडलं, बसायला खुर्ची दिली, सगळ्याला ‘हो’ म्हणाले, सही केली. एवढ्याने मुलाच्या दिवसात काय बदललं, हे विचारलं की उत्तर येत नाही. ब्रिटनमध्ये बालमृत्यूंच्या चौकशी अहवालांचा अभ्यास करणाऱ्यांनी १९९३ मध्येच या वरवरच्या होकाराबद्दल लिहून ठेवलं आहे. तरी आपण त्यालाच फसतो.

एका मुलाच्या केसमध्ये सावत्र वडील अतिशय नम्र. बैठकीला वेळेवर यायचे, मुलाच्या सुरक्षिततेसाठी आखलेल्या योजनेवर सर्वांत आधी सही करायचे. कार्यकर्ता खूश. इकडे वर्गशिक्षिकेला माहीत होतं की मुलगा ठरावीक वारी गैरहजर असतो. दवाखान्याला माहीत होतं की फेरतपासणीची तारीख सारखी पुढे ढकलली जाते. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपला तुकडा किरकोळ आहे. मी सगळ्या तारखा एका कागदावर ओळीने लिहायला लावल्या. गैरहजेरी नेमकी वडिलांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी पडत होती. वळ दिसू नयेत म्हणून मुलाला घरी ठेवलं जात होतं. आणि हे सगळं आजीला माहीत होतं. ती जवळच राहायची, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं, कारण फॉर्मवर ‘पालक’ या रकान्यात तिचं नाव नव्हतं. पुढे तो मुलगा सुरक्षित राहिला तो आजीच्या घरात, आणि तिथे राहण्याची रीतसर परवानगी मिळवताना सर्वांत जास्त खेटे तिनेच घातले.

तेव्हापासून माझ्या दोन सवयी पक्क्या आहेत. शाळा, दवाखाना, शेजार, घर या सगळ्यांकडच्या तारखा एकाच कागदावर. आणि पहिल्याच भेटीत मुलाला विचारायचं, ‘तुला भीती वाटली तर तू कुणाकडे जातोस?’ तो ज्याचं नाव घेईल तो माणूस पुढच्या बैठकीत हवाच. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात कुटुंब-बैठकीची पद्धत आणली. तिच्यामागे तिथल्या मूळच्या माओरी समाजाची, सगळ्या गोतावळ्याने बसून निर्णय घेण्याची रीत आहे. त्या बैठकीत माहिती देऊन झाली की अधिकारी खोलीबाहेर जातात आणि घरचे आपसांत योजना ठरवतात. ती योजना मुलाला पुरेशी सुरक्षित आहे का, हे मग अधिकारी तपासतात. घाईतले लोक खोलीबाहेर जायचा हा भागच गाळतात, ‘वेळ जातो’ म्हणून. वेळ जातोच. पण आपण टाइप करून नेलेली योजना घरच्यांची कधीच होत नाही.

दुसरी चूक मला झोपू देत नाही: मोठ्यांशी तासभर बोलायचं आणि मुलाकडे नुसतं पाहून निघायचं. व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी २००० साली लंडनमध्ये छळाने मेली. तिच्या अंगावर १२८ जखमा होत्या. समाजकल्याण विभाग, पोलीस, रुग्णालयं या सगळ्यांच्या नजरेखालून ती गेली होती. एका रुग्णालयात तर ‘ही खरूज आहे’ म्हणून संशय मिटवला गेला. २००३ च्या लॉर्ड लेमिंग चौकशी अहवालाने, तिला वाचवण्याच्या निदान बारा संधी हुकल्या, असं नोंदवलं. तिच्याशी, तिच्या भाषेत, एकटीशी, नीट बसून जवळपास कुणी बोललंच नव्हतं. तिच्याबद्दल सगळं सांगत होती ती तिला सांभाळणारी आत्या-आजी, जी पुढे तिच्या खुनात दोषी ठरली.

म्हणून मुलाला वेगळं भेटा. ‘घरी कोण मारतं का?’ असं दामटून विचारू नका. कालचा दिवस विचारा. उठलास तेव्हा घरात कोण होतं, जेवण कुणी वाढलं, रात्री शेजारी कोण झोपलं. मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा, स्वतःच्या सफाईदार भाषेत नको. दुभाषा लागला तर तो घरातला नको.

आता बाकीच्या, थोडक्यात.

‘हे मी कुणालाही सांगणार नाही’ असं मुलाला वचन देऊ नका. ते पाळता येत नाही, आणि मोडलं की मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

एकच प्रसंग शिक्षक, डॉक्टर, पोलीस, समुपदेशक अशा प्रत्येकाने नव्याने वदवून घेऊ नये. कोण विचारणार ते आधी ठरवा.

आईबापांच्या कामाच्या वेळी बैठक लावून ‘आले नाहीत’ असा शेरा मारू नका.

गरिबी आणि दुर्लक्ष यांत गल्लत करू नका. घरात अन्न नसेल तर आधी अन्नाची सोय बघा.

‘मुलाची नीट काळजी घ्यावी’ ही योजना नव्हे. कुणी, कोणत्या वेळी, काय करायचं आणि ते झालं की नाही हे कोण बघणार, एवढं लिहा. आईला ते तिच्या शब्दांत परत सांगायला सांगा. ती अडखळली तर तिथे योजना बदला, आईला बोल लावू नका. आणि मूल आत्ताच धोक्यात असेल तर बैठकीची वाट बघू नका; त्याच दिवशी त्याला सुरक्षित जागी हलवायची कारवाई सुरू करा, घरच्यांशी बोलणं नंतरही होतं.