बंद पडलेल्या स्टेशनात गावाचं संग्रहालय: आधी ओल, मग कपाटं

बार्शी लाईट रेल्वेचा ७६२ मिलिमीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत तेवढंच अंतर असलेला, अरुंद मार्ग १८९७ साली बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीला आला. पुढे पंढरपूर (१९०६), लातूर (१९११) आणि मिरज (१९२७). अशा मार्गांवर गेज बदललं किंवा गाड्याच थांबल्या की लहान स्टेशनांच्या दगड-चुन्याच्या इमारती मोकळ्या पडतात. त्यात संग्रहालय करायचं असेल तर सुरुवात कागदपत्रांपासून करावी लागते.

रूळ उखडले तरी जागा रेल्वेचीच असते. नुसत्या ग्रामपंचायतीच्या ठरावावर कुलूप उघडू नका. मंडल रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयाशी लेखी करार करा. मुदत किती, दुरुस्तीचा खर्च कोणाचा आणि वीजजोडणी कोणाच्या नावावर, हे त्यात स्पष्ट हवं. वस्तूंचंही तसंच. निवृत्त गँगमनच्या घरून हातदिवा आला की आनंद होतो, पण रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदा ताबा हा १९६६ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. म्हणून भंगार लिलावाची पावती, नाहीतर रेल्वेचं पत्र मिळवा आणि देणाऱ्याकडून दानपत्र घ्या. हे होईपर्यंत वस्तू मांडू नका.

आता ओल. भिंतीच्या तळाला दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे आणि पांढरा लोणा दिसत असेल तर आधी बाहेर जाऊन बघा. बहुतेक वेळा फलाट भर टाकून टाकून उंच केलेला असतो, वर पेव्हर ब्लॉक थेट भिंतीला भिडवलेले असतात, आणि पावसाचं पाणी जोत्यात मुरत असतं. दुसरं कारण फुटकी पन्हळ. तिसरं, ‘मजबुतीसाठी’ मारलेला सिमेंटचा गिलावा: तो भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही, मग ती वर चढते. सिमेंट तसंच ठेवून वर वॉटरप्रूफ रंग देणं म्हणजे पैसे पाण्यात.

बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली आणा आणि उतार भिंतीपासून दूर द्या. सिमेंट छिन्नी-हातोड्याने काढा. ब्रेकर लावला तर दगड हलतात. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर क्षार परत आत जातात. सांधे २०-२५ मिलिमीटर खोल कोरून, एक भाग विरवलेला चुना आणि तीन भाग वाळू-सुरखी (विटांची भुकटी) असं मिश्रण भरा. गिलाव्याचा एक थर १०-१२ मिलिमीटरपेक्षा जाड नको. आठवडाभर तरी ओलं गोणपाट लावून ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात हे काम काढलं की चुना झपाट्याने सुकतो आणि तडे जातात. शेवटी चुन्याची सफेदी द्या, प्लॅस्टिक पेंट नाही. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा भिंत रिकामी ठेवा. उद्घाटनाची तारीख आधी जाहीर करणाऱ्यांना हा थांबा जड जातो, पण त्याला पर्याय नाही.

तिकीट खिडकीची भिंत पाडून मोठा हॉल करायचा मोह टाळा. लोक ती खिडकी बघायलाच येतात. प्रतीक्षालयात मांडणी करा, स्टेशनमास्तरांच्या खोलीत नोंदी आणि साठा ठेवा. मालधक्क्याच्या पत्र्याखाली कागद अजिबात नको.

पुठ्ठ्याची जुनी तिकिटं साधारण ५७ × ३० मिलिमीटरची असतात. ती लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, पीव्हीसीच्या पाकिटातही घालू नका. पॉलिएस्टरचं पाकीट वापरा. उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत ठेवा. ६०० डीपीआयला स्कॅन करून प्रत मांडा, मूळ तिकीट अंधारात ठेवा. रजिस्टरला कसर लागली असेल तर ते पॉलिथिनमध्ये हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवा, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरतं. काचेच्या निगेटिव्हला हा उपाय चालत नाही.

हातदिव्याच्या टाकीत जुनं रॉकेल असतं. ते ओतून टाकी कोरडी करा. पितळ चकचकीत घासू नका, कारण त्यावर कोरलेली रेल्वेची अक्षरं पॉलिशबरोबर झिजतात. मऊ कापडाने पुसलं की पुरे. इनॅमलची पाटी नव्याने रंगवू नका. सिंगल लाईनवरचं नील्स बॉल टोकन यंत्र, म्हणजे ड्रायव्हरला पुढे जायची परवानगी म्हणून धातूचा गोळा देणारं यंत्र, मिळालं तर ते एकट्याने चालत नाही, हे लक्षात ठेवा. दोन स्टेशनांची यंत्रं विजेने एकमेकांत अडकवलेली असतात, म्हणून एका वेळी एकच गोळा बाहेर येतो. प्रात्यक्षिक दाखवायचं तर जोडी हवी.

रेल्वेच्या वस्तूंवरच थांबलं तर गाव हरवतं. माल बुकिंगचं रजिस्टर असेल तर कोणता माल कोणत्या हंगामात, कुठे जात होता याचा तक्ता त्यातून काढा; बाजारपेठेचा सगळ्यात भरवशाचा इतिहास तिथे मिळतो. पंढरपूरच्या मार्गावर असाल तर यात्रेच्या गर्दीच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांकडून रेकॉर्ड करा. ‘आठवणी सांगा’ असं म्हणू नका, ‘डब्यात पाणी कुठून भरायचात?’ असं विचारा.

प्रत्येक वस्तूला वर्ष, त्या वर्षातलं कितवं दान आणि त्या दानातली कितवी वस्तू, असा नंबर द्या. कागदावर तो मऊ पेन्सिलीने, कापडावर शिवलेल्या फितीवर, धातूवर पॅरालॉइड बी-७२ या पुन्हा काढता येणाऱ्या पारदर्शक लेपाच्या पातळ थरावर लिहा. आर्द्रतामापक मांडणीच्या कपाटातच ठेवा. पावसाळ्यात काटा ६५ टक्क्यांच्या वर राहू लागला तर बुरशी धरायच्या आत सिलिका जेल बदला आणि पंखा लावा.