चारोळी लावायची तर बी याच उन्हाळ्यात धरा

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीकडच्या जंगलात एप्रिल-मेमध्ये चारं, म्हणजे चारोळीची फळं, पिकतात आणि रोपं करायची असतील तर बी धरण्याचा काळ तेवढाच. वर्षभर डब्यात ठेवलेलं बी पेरून वाट पाहत बसू नका, त्याची उगवणशक्ती लवकर जाते.

झाड ओळखायला सोपं. आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातलं. साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी चौकटी पडलेली. पान जाड, टोकाला बोथट. मुरमाड, उताराची जमीन याला मानवते. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी साचतं, तिथं नको. उंच धुरा, म्हणजे शेताचा बांध, पाहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुसरा कोणी नेईल या भीतीनं लोक हिरवीच चारं ओरबाडतात, वरून फांद्याही तोडतात. याचं मला फार वाईट वाटतं. दाणा भरलेला नसतो, चारोळी चिमलेली निघते, बीही उगवत नाही. काळीजांभळी झालेली, फांदी हलवली की पडणारीच घ्या.

फळं रात्रभर भिजवा, सकाळी गोणपाटावर चोळा, गर धुऊन काढा. तरंगणारं बी फेका, बाकीचं सावलीत वाळवा.

कवच भारी टणक असतं. बी किंचित चपटं, त्याच्या कडेनं बारीक शीर फिरलेली दिसते. ती शीर वर येईल असं बी पाट्यावर उभं धरा आणि लहान दगडानं हलकेच टिचवा. टिक् असा आवाज आला की हात थांबवा. कवचाला चीर हवी, आतला दाणा दुखवायचा नाही. दुखावलेला दाणा मातीत बुरशीनं जातो. हे काम घाईनं होत नाही. घरातल्या म्हाताऱ्या बाया ते फार नेटकं करतात, त्यांनाच बसवा.

माती, रेती आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या लांब पिशवीत बी उथळ पेरा. सोटमूळ खोल जातं, आखूड पिशवीत ते वळतं. थोडी सावली, बेताचं पाणी. सगळी रोपं एकदम वर येत नाहीत, म्हणून पिशव्या लवकर उपसू नका. वाढ हळू असते. पुढच्या पावसाळ्यात दोन फुटांच्या खड्ड्यात लावा, दोन झाडांत वीसेक फूट ठेवा. भोवती बोराटीच्या काट्या रोवा, नाहीतर शेळ्या शेंडा ठेवत नाहीत. उन्हाळ्यात आजूबाजूचा पाला झाडून काढा, वणव्यात लहान रोप टिकत नाही.

बियांच्या झाडाला फळ यायला बरीच वर्षं लागतात. मृदकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या फांदीवर बांधलेलं कलम, मिळालं तर त्याआधी येतं.

आमच्याकडे सांभारवडीच्या सारणात चारोळी लागतेच. श्रीखंड-बासुंदीत सगळीकडे घालतात. दुधात वाटून चेहऱ्यालाही लावतात. विकायची असेल तर फोडून विका, कवचासकट भाव पडतो. जात्याची पाळ थोडी उचलून फिरवलं की कवच फुटतं, मग सुपानं पाखडा. दाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, फोडलेली चारोळी लवकर खवट होते. म्हणून घरची कवचातच ठेवा आणि लागेल तेवढीच फोडा.