होम थिएटरची खोली: सिनेमा लावण्याआधीची तयारी

पहिलं काम म्हणजे काहीच न लावणं. रात्री घर निजलं की खोलीतलं सगळं बंद करा, प्रोजेक्टर, एसी, पंखा, अ‍ॅम्प्लिफायर, अगदी चार्जरसुद्धा. दार लावा आणि सिनेमा बघताना जिथे बसणार त्याच जागी पाच मिनिटं गप्प बसा. कानावर येईल ते वहीत टिपा: रस्ता, पाण्याचा पंप, पलीकडच्या खोलीतला फ्रिज. मग एकेक उपकरण चालू करत जा आणि त्याच्यापुढे आवाजाची जात लिहा. घरघरतो, गुणगुणतो, खरखरतो, की शीळ घालतो? पुढची सगळी यादी या वहीतूनच निघते. बहुतेक जण ही पायरी गाळून थेट भिंतीला फोम चिकटवायला घेतात. फोममुळे खोलीतला पडसाद कमी होतो, भिंतीतून होणारी आवाजाची ये-जा थांबत नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याविषयी तर बोलायलाच नको.

एवढा खटाटोप कशाला, तर हळू प्रसंगांसाठी. गोळीबार चालू असताना पंखा कुणालाच ऐकू येत नाही. पात्रं कुजबुजू लागली की तो ऐकू येतो, आपण आवाज वाढवतो आणि पुढच्या स्फोटाला शेजारी उठून बसतात. खोली शांत असली तर आवाज मुळात वाढवावाच लागत नाही.

आता वहीतल्या नोंदी मोठ्याकडून लहानाकडे लावा. डेसिबल म्हणजे आवाजाची तीव्रता मोजायचं एकक, त्याची बेरीज साधी नसते. सारख्या तीव्रतेचे दोन आवाज एकत्र आले तर एकूण फक्त 3 डेसिबल वाढतात. एसी 40 डेसिबल आणि प्रोजेक्टर 30 डेसिबल असेल, तर प्रोजेक्टर पूर्ण बंद करूनही अर्ध्या डेसिबलचासुद्धा फरक पडत नाही. म्हणून सगळ्यात मोठ्या आवाजाला आधी हात घाला, मग तो कितीही कंटाळवाणा असो. आणि तो बहुतेक वेळा हवेचाच असतो.

एसीची जाळी धुवा, पाती साफ करा, सैल झालेलं आवरण घट्ट करा. सिनेमाच्या तासभर आधी खोली गार करून ठेवा, म्हणजे नंतर पंखा सर्वांत हळू वेगावर ठेवता येईल. एकेक माणूस बसल्या बसल्या साधारण 100 वॉट उष्णता सोडतो आणि उपकरणांची भर वेगळी, त्यामुळे मध्यंतरानंतर एसी पुन्हा जोर धरणार हे गृहीत धरा. पंख्याचा वेग निम्म्यावर आणला तर त्याचा आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. म्हणून उपकरणं ठेवायच्या रॅकसाठी पंखा घ्यायचा झाला तर लहान आणि वेगवान नको, मोठा आणि संथ बघा.

प्रोजेक्टर डोक्यावर टांगण्यापूर्वी थोडं थांबा. माहितीपत्रकातला डेसिबलचा आकडा पुष्कळदा इको मोडमधला, म्हणजे कमी प्रकाशाच्या वीजबचत मोडमधला असतो. पूर्ण प्रकाशात पंखा वेगळंच गातो. मेनूमध्ये उंच प्रदेशासाठीचा मोड चुकून चालू राहिला असेल तर पंखा विनाकारण जोरात फिरतो, तेही तपासा. लेन्सला जमत असेल तर प्रोजेक्टर मागच्या भिंतीजवळ न्या. छताच्या ब्रॅकेटमध्ये रबराचे वॉशर घाला, नाहीतर त्याची थरथर छतभर पसरते. पेटी करून झाकायचा मोह होतो. मी म्हणेन, हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट वेगवेगळी ठेवता येत नसेल तर त्या फंदात पडू नका. कोंडलेला प्रोजेक्टर तापतो, तापला की पंखा वाढतो आणि आपण होतो तिथेच येतो.

बाकीची उपकरणं शक्यतो खोलीबाहेर हलवा. गेमिंग कन्सोल, हार्ड डिस्क, पंख्याचा अ‍ॅम्प्लिफायर हे सगळं बाहेरच्या हवेशीर कपाटात बसलं की अर्धी वही आपोआप खोडली जाते. त्यासाठी भिंती बंद करण्याआधी रुंद पाइप टाका आणि त्यात एक जादा दोरी सोडून ठेवा. लांब अंतराला ऑप्टिकल एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज प्रकाशाच्या रूपात नेणारी) चालते, पण तिला दिशा असते. कुठलं टोक टीव्हीचं हे ओढण्याआधी चिकटपट्टीवर लिहा. रिमोटसाठी आत इन्फ्रारेड रिपीटरचा, म्हणजे रिमोटचा इशारा बाहेरच्या कपाटापर्यंत पोचवणाऱ्या यंत्राचा डोळा लागेल.

स्पीकरमधून बारीक हूं असा सूर येत असेल तर तो वेगळा रोग आहे. विजेच्या 50 किंवा 60 हर्ट्झचा तो सूर बहुतेकदा ग्राउंड लूपचा असतो: दोन उपकरणं वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडलेली असतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुट केबल एकेक करून काढा. जी काढल्यावर सूर थांबेल ती गुन्हेगार. केबल टीव्ही किंवा डिशची वायर आधी काढून बघा. सगळं एकाच सॉकेटवरून चालवल्याने पुष्कळदा भागतं, नाहीतर त्या केबलवर आयसोलेटर, म्हणजे दोन उपकरणांमधली विजेची थेट जोडणी तोडणारा डबा लावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, त्या पिनेवर जीव अवलंबून असतो. ट्वीटरला (स्पीकरमधल्या उंच सुरांच्या छोट्या भागाला) कान लावल्यावर येणारी सुसकार खुर्चीपर्यंत पोचत नसेल तर सोडून द्या. दिवे मंद केल्यावर गुणगुणत असतील तर डिमर बदला.

मग दार. दाराच्या क्षेत्रफळाचा एक टक्का भाग उघडा राहिला तर ते कितीही जड असलं तरी साधारण 20 डेसिबलच्या पुढे अडवू शकत नाही. म्हणून महागडी भिंत करण्याआधी फटी बुजवा. अंधारात एकाला बाहेर टॉर्च घेऊन उभं करा. जिथून उजेड येतो तिथून आवाजही येतो. चौकटीला रबरी पट्टी, खाली दार लागताच उतरणारी सील, आणि पोकळ दाराऐवजी भरीव दार. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावलेले स्विचबोर्ड असतील तर त्यांच्या पोकळ्याही भरा.

सबवूफर, म्हणजे खोल बासचा स्पीकर, याबाबत मनाची तयारी ठेवा. 40 हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते. दोन इंच फोमला तिची दखलही नसते. तिला अडवायला वजन लागतं आणि मूळ भिंतीपासून सुटी उभी केलेली दुसरी भिंत लागते. सबवूफरखालचे रबरी पाय जमिनीतून जाणारी थरथर कमी करतात, हवेतून जाणारा बास नाही. सबवूफर निदान सामाईक भिंतीपासून दूर ठेवा.

खडखडाट शोधायचं काम मजेचं आहे. 20 ते 120 हर्ट्झचा हळूहळू चढणारा सूर लावा आणि हात टेकवत खोलीभर फिरा. फोटोची चौकट, पडद्याची दांडी, खिडकीची काच, फॉल्स सीलिंगमधला दिवा, जे बोलेल तिथे फेल्टचा तुकडा लावा. सगळं गप्प झाल्याशिवाय गालिचा आणि पडसाद शोषणाऱ्या पॅनेलकडे वळू नका. पॅनेलची जागा आरसा सांगतो: बाजूच्या भिंतीवर कुणालातरी तो सरकवायला लावा, खुर्चीवरून त्यात स्पीकर दिसला की तिथे खूण करा.

शेवटी त्याच खुर्चीत, तशाच रात्री, वही उघडून पुन्हा पाच मिनिटं बसा. या वेळी पहिल्या फेरीत झाकला गेलेला एखादा नवा आवाज ऐकू येईल. तोही लिहा.